ट्रकच्या केबिनचा हीटर गार का पडतो?
जुन्या गाडीची क्रमवार तपासणी

हिवाळी मालाचा व्यापार करणाऱ्या आपल्या भागातील दुकानदाराचे लक्ष दिवाळीनंतर उत्तरेकडे लागते. ब्लँकेट पानिपतहून आणि स्वेटर, शाली, मफलर लुधियानाहून येतात. मार्गशीर्षात आपल्याच लोहा तालुक्यातील माळेगावला खंडोबाची यात्रा भरते. तिच्या आधी माल दुकानात पडला नाही, तर त्या मालाचे निम्मे मोल उरत नाही. लोह्याहून नांदेड, यवतमाळ, वर्धा करीत नागपूरची वाट गाठायची आणि पुढे झाशी, ग्वाल्हेर, आग्रा, दिल्ली करीत पानिपत. हा एका बाजूचा प्रवास सुमारे दीड हजार किलोमीटरचा होतो.

मालाचा भाव, भाडे, बिल्टी, विमा यांचा विचार आपण बारकाईने करतो. परंतु जो ड्रायव्हर आणि जो क्लीनर हा माल आणतात, ते ज्या केबिनमध्ये चार-पाच रात्री काढतात ती केबिन कशी आहे, हे क्वचितच कोणी विचारतो. डिसेंबर-जानेवारीत ग्वाल्हेरच्या पुढे रात्रीचा पारा चार-पाच अंशांवर येतो आणि दाट धुके पडते. अशा वेळी हीटर बंद असेल तर हात आखडतात. त्याहून वाईट म्हणजे समोरच्या काचेवर आतून वाफ धरते आणि रस्ता दिसत नाही. मग कोणी खिडकी उघडी ठेवून कुडकुडत गाडी हाकतो, तर कोणी रात्री काचा लावून केबिनमध्ये शेगडी पेटवतो. हा दुसरा उपाय जीवघेणा आहे. त्याविषयी शेवटी लिहिले आहे आणि ते जरूर वाचावे.

मराठवाड्यातील बऱ्याच जुन्या गाड्यांना हीटर नसतो. तो असला तरी आपल्याकडे वर्षातले अकरा महिने त्याची गरज पडत नाही. त्यामुळे तो बिघडला आहे हे कळते तेव्हा गाडी घरापासून हजार किलोमीटरवर असते. म्हणून गाडी निघण्याच्या आठवडाभर आधी ही तपासणी करावी. तिला महागडी यंत्रे लागत नाहीत. हात, डोळे आणि थोडा धीर पुरे.

हीटर चालतो कसा?

दुकानदाराच्या भाषेत सांगायचे तर हीटर हा इंजिनाच्या शिलकीवर चालणारा खर्च आहे. एक लिटर डिझेल जळते तेव्हा सुमारे दहा युनिट विजेइतकी शक्ती निघते. तिच्यापैकी ढोबळमानाने तिसरा हिस्सा गाडी ओढण्यात जातो, तिसरा धुराबरोबर निघून जातो आणि जवळपास तेवढाच इंजिनाच्या पाण्यात उतरतो. हे पाणी रेडिएटरमध्ये जाऊन थंड होते. म्हणजे ही उष्णता आपण वाऱ्यावर सोडून देतो. हीटर या गरम पाण्याची एक छोटी वाट केबिनकडे वळवतो. तेथे एक लहान रेडिएटर असतो, त्याला मिस्त्री हीटरची जाळी म्हणतात. तिच्यातून गरम पाणी फिरते, मागून पंखा हवा फेकतो आणि ती हवा गरम होऊन पायाशी व काचेवर येते.

यावरून चार गोष्टी निघतात. पाणी पुरेसे असले पाहिजे. ते पुरेसे गरम झाले पाहिजे. ते जाळीतून वाहिले पाहिजे. आणि जाळीवरून हवा गेली पाहिजे. हीटर गार पडला तर दोष या चारांपैकी एका ठिकाणी असतो, कधी दोन ठिकाणी. तपासणीही याच क्रमाने करावी. क्रम सोडून एकदम जाळी बदलायला निघाल्यास पैसे जातात आणि दोष तसाच राहतो.

पहिली पायरी : पाणी

रेडिएटरचे झाकण इंजिन पूर्ण थंड असतानाच उघडावे. गरम इंजिनात पाणी दाबाखाली असते. शिटी न काढता कुकरचे झाकण उघडल्यासारखे ते अंगावर उसळते आणि तोंड-हात भाजून निघतात. सकाळी पहिल्यांदा गाडी चालू करण्यापूर्वी झाकण काढून पाहावे. पाणी काठोकाठ असावे. हीटरची जाळी अनेक गाड्यांत उंचावर असते, त्यामुळे पाणी थोडे कमी झाले तरी पहिला फटका हीटरला बसतो. इंजिन मात्र तक्रार करीत नाही.

पाणी कमी असेल तर ते भरून गप्प बसू नये. ते गेले कुठे, हे शोधावे. होज पाइपच्या क्लिपा, वॉटर पंपाखालचे बारीक भोक आणि रेडिएटरचा तळ पाहावा. केबिनमध्ये पायाखालचा मॅट उचलून ओल आहे का ते बघावे. हीटर लावल्यावर गोडसर वास येत असेल आणि काचेवर चिकट धूसरपणा धरत असेल, तर हीटरची जाळीच गळते आहे. बाहेर कुठेच ओल नाही, पाणी मात्र रोज कमी होते, सायलेन्सरमधून इंजिन गरम झाल्यावरही पांढरी वाफ निघते किंवा रेडिएटरमध्ये बुडबुडे येतात, अशी लक्षणे असतील तर हेड गॅस्केटचा संशय घ्यावा. अशी गाडी लांबच्या भाड्याला लावू नये.

दुसरी पायरी : पाणी गरम होते का?

येथे आपल्या भागातला सर्वांत मोठा आजार सापडतो. उन्हाळ्यात गाडी गरम होऊ लागली की काही मिस्त्री थर्मोस्टॅट वॉल्व्ह काढून फेकून देतात आणि 'आता गाडी थंड चालेल' असे सांगतात. मालकही खूश होतो. हा वॉल्व्ह म्हणजे पाण्याच्या वाटेवरचा दरवाजा आहे. इंजिन थंड असेपर्यंत तो बंद राहतो आणि पाणी इंजिनातच फिरवून लवकर गरम करतो. ऐंशी अंशांच्या आसपास तो उघडू लागतो आणि मग पाणी रेडिएटरकडे जाते. हा दरवाजा काढून टाकला की पहिल्या मिनिटापासून पाणी रेडिएटरकडे पळते. हिवाळ्यात इंजिन कधी पुरते तापतच नाही. हीटर कोमट हवा देतो, डिझेल जास्त लागते, जळण अर्धवट होते आणि सिलिंडर-पिस्टनची झीज वाढते.

शिवाय उन्हाळ्याचाही फायदा होतोच असे नाही. अनेक इंजिनांत हा वॉल्व्ह उघडताना रेडिएटर टाळून जाणारी बगलेची वाट बंद करतो. वॉल्व्हच नसेल तर ती वाट कायम उघडी राहते आणि चढावर काही पाणी रेडिएटरला न भेटताच परत इंजिनात येते. म्हणजे ज्या रोगासाठी औषध घेतले तो रोगच वाढतो. गाडी गरम होण्याची खरी कारणे रेडिएटरमधील खार, ढिला बेल्ट, खराब झाकण किंवा थकलेला वॉटर पंप ही असतात. ती शोधायला वेळ लागतो, वॉल्व्ह फेकायला दोन मिनिटे पुरतात, एवढाच फरक.

वॉल्व्ह आहे का आणि चांगला आहे का, हे खोलल्याविनाही कळते. थंड इंजिन चालू करावे आणि इंजिनातून रेडिएटरकडे जाणाऱ्या वरच्या होज पाइपवर हात ठेवावा. हात आणि बाही पंख्यापासून दूर असू द्यावी. पाइप बराच वेळ गार राहिला आणि मग थोड्याच वेळात गरम झाला, तर वॉल्व्ह काम करतो आहे. पाइप पहिल्यापासूनच हळूहळू कोमट होत गेला, तर वॉल्व्ह नाही किंवा उघडाच अडकला आहे. एक गोष्ट लक्षात ठेवावी. डिझेल इंजिन उभ्या गाडीत फार सावकाश तापते. गाडी पंधरा-वीस मिनिटे रस्त्यावर चालवून मगच निकाल द्यावा. आणि काटा बिघडलेला असेल तर त्याच्यावर विसंबू नये, हातावर विसंबावे.

काढलेला वॉल्व्ह तपासायचा असेल तर उजेडासमोर धरावा. गार असताना त्यातून मोठी फट दिसली तर तो गेला. फट नसेल तर तो दोऱ्याने पातेल्यातील पाण्यात टांगून पाणी तापवावे. त्याच्यावर ८२ किंवा तत्सम आकडा कोरलेला असतो. त्या अंशाच्या आसपास तो उघडू लागला पाहिजे आणि बाहेर काढल्यावर पुन्हा बंद झाला पाहिजे. बसवताना स्प्रिंगची बाजू इंजिनाकडे ठेवावी आणि पॅकिंग नवीन घालावे. हा वॉल्व्ह काही शे रुपयांत मिळतो. इंजिन खोलण्याच्या खर्चापुढे ही रक्कम काहीच नाही.

तिसरी पायरी : पाणी जाळीतून वाहते का?

हीटरकडे दोन पाइप जातात, एक जाणारा व एक येणारा. गाडी चांगली तापल्यावर आणि हीटर पूर्ण उघडल्यावर दोन्ही पाइपांना हात लावून पाहावा. हात झटकन मागे घ्यावा, कारण पाइप चटका देतो.

दोन्ही पाइप गरम असतील तर पाणी बरोबर फिरते आहे आणि दोष हवेच्या बाजूला आहे. चौथ्या पायरीकडे जावे.

एक गरम आणि दुसरा गार असेल तर जाळी तुंबली आहे किंवा तिच्यात हवा अडकली आहे.

दोन्ही गार असतील आणि इंजिन मात्र गरम असेल, तर हीटरचा कॉक बंद आहे. बऱ्याचदा कॉक चांगला असतो, त्याची केबल तुटलेली किंवा गंजून अडकलेली असते. केबिनमधली मूठ फिरते, पण कॉक जागचा हलत नाही. एका माणसाने मूठ फिरवावी आणि दुसऱ्याने कॉककडे पाहावे. काही गाड्यांत उन्हाळ्यात कोणीतरी दोन्ही पाइप परस्पर जोडून जाळी बाद केलेली असते, तेही पाहावे.

दोन्ही नुसते कोमट असतील आणि इंजिनही कोमट असेल तर दुसऱ्या पायरीकडे परत जावे.

हवा अडकली असेल तर गाडी थंड असताना तोंड उंचावर येईल अशी उभी करावी, झाकण काढून पाणी भरावे, हीटरचा कॉक उघडा ठेवावा आणि इंजिन मंद चालू करावे. बुडबुडे थांबेपर्यंत पाणी भरत राहावे आणि पाणी तापून वर येण्याआधी झाकण लावावे. हवा काढण्याचा वेगळा स्क्रू असेल तर तोही वापरावा.

जाळी तुंबली असेल तर थंड गाडीचे दोन्ही पाइप काढून पाण्याच्या नेहमीच्या दिशेच्या उलट बाजूने साधे पाणी सोडावे. आधी गढूळ, तांबडे पाणी येईल. स्वच्छ येईपर्यंत सोडावे. दाब कमी ठेवावा. सर्व्हिस स्टेशनच्या मोठ्या प्रेशरने जुनी जाळी फुटते. तेजाब कधीही वापरू नये, ते खाराबरोबर धातूही खाते. एवढे करूनही धार बारीक राहिली तर जाळी बदलणे भाग आहे.

बेल्ट आणि वॉटर पंपही येथेच पाहावा. इंजिन बंद असताना बेल्ट मधोमध अंगठ्याने दाबावा. तो साधारण एक ते दीड सेंटिमीटर दबावा. त्याहून जास्त दबला तर तो घसरतो, पंप मंद फिरतो आणि शेवटच्या टोकाला असलेल्या हीटरला पाणी पोचत नाही.

चौथी पायरी : हवा

पंखा फिरतच नसेल तर फ्यूज, मग स्विच, मग अर्थिंगची तार पाहावी. बल्ब लावून तपासण्यापूर्वी गाडी १२ व्होल्टची आहे की २४ व्होल्टची, हे पाहावे. एकाच वेगावर फिरत असेल तर वेग कमी-जास्त करणारा रेझिस्टर जळालेला असतो. पंखा आवाज करतो पण हवा येत नाही, असे असेल तर हवा आत येण्याची जागा पाहावी. कापडाच्या गाड्यांत तंतू आणि धूळ फार साचते आणि हीटरच्या जाळीवर गोधडीसारखा थर बसतो. मऊ ब्रशने किंवा कमी दाबाच्या हवेने तो काढावा. हवा पायाशी किंवा काचेवर वळवणारी झडप आणि तिची केबलही पाहावी.

शेवटी केबिन. दाराचे रबर, गिअर लिव्हरच्या बुडाचा रबर, इंजिनावरचे झाकण आणि फरशीतली गंजलेली भोके. जेथून थंड वारा येतो तेथूनच इंजिनाचा धूरही येतो. म्हणून ही भोके बुजवणे ऊब आणि जीव, दोन्हींसाठी आवश्यक आहे.

एक उदाहरण

समजा, एका जुन्या गाडीचा हीटर कोमट हवा देतो. काटा पावाच्या वर चढत नाही. वरचा होज पहिल्यापासून हळूहळू तापतो. हीटरचे दोन्ही पाइप कोमट लागतात. निदान सरळ आहे : वॉल्व्ह नाही. नवीन वॉल्व्ह बसवला, काटा जागेवर आला, पण हीटर अजूनही पुरता गरम नाही. येथे बहुतेक जण 'वॉल्व्हचे पैसे फुकट गेले' म्हणून मिस्त्रीशी वाद घालतात. परंतु पुन्हा हात लावून पाहिले तर आता एक पाइप चटका देतो आणि दुसरा गार आहे. म्हणजे जाळीही तुंबलेली होती. पाणीच गरम नव्हते तोवर तो दोष दिसत नव्हता, कारण पहिला दोष दुसऱ्याला झाकून होता. म्हणून प्रत्येक दुरुस्तीनंतर तपासणी पहिल्या पायरीपासून पुन्हा करावी.

बोअरचे पाणी आणि कूलंट

जाळी तुंबण्याचे मूळ कारण आपण रेडिएटरमध्ये ओततो ते पाणी आहे. आपल्याकडील बोअरचे पाणी बहुधा जड असते. ज्या पाण्याने घरच्या पातेल्याच्या तळाशी पांढरा थर धरतो, तेच पाणी जाळीच्या बारीक नळ्यांतही थर धरते. म्हणून डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट यांचे मिश्रण वापरावे आणि डब्यावर लिहिलेल्या मुदतीत ते बदलावे. निम्मे पाणी व निम्मे इथिलिन ग्लायकॉलचे कूलंट असेल तर ते उणे पस्तीस अंशांच्या आसपास जाईपर्यंत गोठत नाही. नुसते पाणी शून्य अंशावर गोठते आणि गोठताना फुगून इंजिनाचा ब्लॉकही फोडते. गाडी हिमाचल किंवा काश्मीरकडे जाणार असेल तर हे विसरू नये. ग्लायकॉल चवीला गोड पण विषारी असते. ते मुलांच्या आणि जनावरांच्या तोंडी लागेल असे ठेवू नये किंवा उघड्यावर ओतू नये.

उत्तरेत काही ड्रायव्हर रेडिएटरसमोर पुठ्ठा किंवा तरट लावतात. वॉल्व्ह चांगला असेल तर त्याची सहसा गरज नाही. लावलेच तर अर्ध्याच भागावर लावावे, काट्यावर नजर ठेवावी आणि चढ लागण्यापूर्वी काढावे. टर्बो गाडीत रेडिएटरच्या पुढे इंटरकूलर असतो, तेथे ते लावूच नये.

शेगडी कदापि नको

बंद केबिनमध्ये कोळशाची शेगडी, लाकडाचे निखारे किंवा गॅसची चूल पेटवल्यास कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू साचतो. त्याला रंग नाही आणि वासही नाही. तो रक्तात प्राणवायूची जागा घेतो. आधी डोके दुखते, मळमळते, मग गुंगी येते. झोपलेल्या माणसाला ही लक्षणे कळतही नाहीत आणि तो झोपेतच जातो. धूर दिसत नाही म्हणजे धोका नाही, ही समजूत खोटी आहे. लाल निखारे धूर देत नाहीत, पण हा वायू देतात. इंजिन चालू ठेवून हीटरच्या उबेत झोपणेही सुरक्षित नाही, कारण सायलेन्सर गळका असेल तर धूर आत येतो. कोणी असा बेशुद्ध आढळला तर दारे उघडून त्याला ताबडतोब मोकळ्या हवेत आणावे आणि प्राणवायूची सोय असलेल्या दवाखान्यात न्यावे.

ज्या गाडीला हीटर नाही किंवा वेळेत दुरुस्त होणे शक्य नाही, तिच्यासाठी व्यापाऱ्याने दोन जाड ब्लँकेट, हातमोजे आणि ढाब्यावर किंवा मुसाफिरखान्यात रात्र काढण्याचे पैसे भाड्याव्यतिरिक्त द्यावेत. हजारो ब्लँकेट आणणाऱ्या माणसाच्या अंगावर एक ब्लँकेट नसावे, हे आपल्या धंद्याला शोभत नाही. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने अधिसूचना काढून ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मध्यम व जड मालट्रकांच्या केबिनला वातानुकूलन सक्तीचे ठरवले. परंतु जुन्या गाड्या अजून बरीच वर्षे रस्त्यावर राहतील आणि त्यांतील माणसांची काळजी आपल्यालाच घ्यायची आहे. गाडी फार जुनी असेल तर आणखी एक गोष्ट पाहावी. दिल्ली परिसरातील दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांबाबत हरित लवादाने २०१५ मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये आदेश दिले. त्यांत पुढे फेरफारही झाले आहेत आणि पानिपत त्याच परिसरात मोडते. तेव्हा गाडी भरण्यापूर्वी ट्रान्सपोर्टवाल्याकडून ताजा नियम विचारून घ्यावा.

बिल्टीपूर्वीचे सात प्रश्न

१. थंड इंजिनात पाणी काठोकाठ आहे का, आणि त्यात कूलंट आहे का?
२. थर्मोस्टॅट वॉल्व्ह बसवलेला आहे का?
३. गाडी तापल्यावर हीटरचे दोन्ही पाइप गरम लागतात का?
४. बेल्ट घट्ट आहे का?
५. पंखा सर्व वेगांवर फिरतो का आणि काचेवर हवा येते का?
६. दारांचे रबर, फरशी आणि सायलेन्सर शाबूत आहेत का?
७. ड्रायव्हर-क्लीनरच्या रात्रीच्या मुक्कामाची सोय झाली आहे का?

आधी उंट बांधावा आणि मग अल्लाहवर भरवसा ठेवावा, ही शिकवण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. गाडीची तपासणी म्हणजे तोच उंट बांधणे होय. माल ही व्यापाऱ्याची मालमत्ता आहे. परंतु तो आणणारा माणूस त्याच्या घरच्यांनी आपल्याकडे सोपवलेली अमानत आहे, आणि त्याचा हिशेब हक्कुल इबादच्या खात्यात मांडला जातो. अर्ध्या दिवसाची तपासणी, काही शे रुपयांचा वॉल्व्ह आणि दोन ब्लँकेट एवढ्या खर्चात ती अमानत इन्शाअल्लाह सुखरूप घरी पोचेल.